रक्षणाची मर्यादा : पांढऱ्या पेशी आणि फुफ्फुसे
(आरोग्यविषयक व्याख्यानाचा सारांश)

अतिदक्षता विभागात रुग्णाचे नातेवाईक मला एक प्रश्न वारंवार विचारतात : "डॉक्टरसाहेब, जंतू तर लघवीत होते, मग फुफ्फुसे कशी निकामी झाली?" आज याच प्रश्नाचे उत्तर आपल्यापुढे मांडणार आहे.

जंतुसंसर्ग मूत्रमार्गात, पोटात, जखमेत, कोठेही सुरू होवो. त्याला शरीराने दिलेला प्रतिसादच जेव्हा ताळतंत्र सोडून अवयवांना प्राणघातक इजा करू लागतो, तेव्हा त्या अवस्थेस 'सेप्सिस' म्हणतात. अशा वेळी सर्वांत आधी संकटात सापडणाऱ्या अवयवांत फुफ्फुसांची गणना होते.

आपल्या रक्तातील पांढऱ्या पेशी हे शरीराचे संरक्षक दल होय. १८८२ साली सिसिली बेटावरील मेसिना येथे एली मेचनिकॉफ यांनी एका इवल्याशा सागरी जिवात रुतलेल्या काट्याभोवती फिरत्या पेशी जमा झालेल्या पाहिल्या आणि या संरक्षणाचे रहस्य उलगडू लागले. १९०८ साली पॉल एर्लिक यांच्यासमवेत त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. या दलातील निम्म्याहून अधिक सैनिक 'न्यूट्रोफिल' जातीचे असतात. आपल्या अस्थिमज्जेत ते दररोज सुमारे दहा हजार कोटी इतक्या संख्येने तयार होतात.

हृदयाच्या उजव्या भागातून निघणारे सर्व रक्त फुफ्फुसांतून जाते. तेथील अनेक केशवाहिन्या न्यूट्रोफिलपेक्षाही अरुंद असतात. एरवी ही पेशी अंग चोरून त्यांतून पार होते. सेप्सिसमध्ये मात्र ती ताठर व चिकट बनते आणि तेथेच अडकते. शेजारी असतो वायुकोशाचा पडदा, बहुतेक ठिकाणी मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही पातळ. जंतूंसाठी राखलेली शस्त्रे आता या पडद्यावर चालतात. इलास्टेजसारखी विकरे त्याचे धागे तोडतात. दाहक ऑक्सिजन-कण पेशी जाळतात. बर्लिन येथील माक्स प्लांक संस्थेतील ब्रिंकमन, झायक्लिंस्की व सहकाऱ्यांनी २००४ साली दाखविले, की न्यूट्रोफिल स्वतःच्या गुणसूत्रद्रव्याचे जाळे बाहेर फेकून त्यात जंतू पकडतात. हीच जाळी फुफ्फुसात अतोनात साचली, तर रक्ताच्या गुठळ्यांना व इजेला कारण होतात. मग पडदा पाझरतो, वायुकोशांत पाणी भरते आणि नाकावाटे प्राणवायू देऊनही तो रक्तात पुरेसा पोहोचत नाही. १९६७ साली बारा रुग्णांच्या अभ्यासातून ही अवस्था प्रथम स्पष्टपणे वर्णिली गेली.

मग या पेशींनाच आवर का घालू नये? प्रयत्न झाले. इलास्टेज रोखणाऱ्या औषधाची २००४ साली प्रसिद्ध झालेली आंतरराष्ट्रीय चाचणी लाभ दाखवू शकली नाही. शिवाय कर्करोगाच्या औषधांमुळे ज्यांच्या न्यूट्रोफिल पेशी जवळजवळ संपलेल्या असतात, त्यांनाही ही फुफ्फुसाची इजा होऊ शकते. म्हणजे सारा दोष एकट्या न्यूट्रोफिलचा नाही. आणि सैन्य नाहीसे केले तर जंतूंना रान मोकळे मिळते.

यश मिळाले ते निराळ्याच दिशेने. २००० साली अमेरिकेत ८६१ रुग्णांवरील अभ्यासात कृत्रिम श्वासयंत्राने मोठ्या श्वासांऐवजी लहान श्वास दिले गेले, तेव्हा मृत्यूचे प्रमाण शेकडा ४० वरून ३१ वर आले. दुखावलेल्या फुफ्फुसावर आणखी ताण न देणे हाच तेथे उपचार ठरला.

दुसरा उपाय आपल्या हाती आहे, तो म्हणजे वेळ न दवडणे. ताप किंवा हुडहुडी, जोरजोरात चालणारा श्वास, लघवी कमी होणे, थंडगार हातपाय, असंबद्ध बोलणे वा गुंगी, यांपैकी लक्षणे एकत्र दिसली तर सकाळची वाट पाहू नये. घरातील वृद्धांना कित्येकदा ताप येतच नाही. केवळ बोलण्यातील गोंधळ हेच पहिले चिन्ह असते. तसेच रक्ततपासणीत पांढऱ्या पेशी ४,००० पेक्षा कमी आल्या म्हणून निर्धास्त राहू नये. तीव्र सेप्सिसमध्ये त्या खर्ची पडून किंवा केशवाहिन्यांत अडकून कमी झालेल्या असू शकतात. उरलीसुरली प्रतिजैविके मनाने घेऊन दोन दिवस काढणे हा तर सर्वांत महाग पडणारा विलंब होय.

संरक्षक दल बेभान होण्यापूर्वीच शत्रू आटोक्यात आणला, तर त्या पातळ पडद्याचे रक्षण होते. ज्या नातेवाइकांनी मला तो प्रश्न विचारला, त्यांतील पुष्कळांनी पुढे एकच वाक्य उच्चारले होते : "काल रात्रीच आणायला हवे होते." हे वाक्य आपल्यापैकी कोणावरही उच्चारण्याची वेळ न येवो, एवढीच प्रार्थना.