विहिरीच्या पाण्यातले जिवंत किती?

उज्जैनचं भैरवगढ म्हणजे ठशांची छपाई, आणि कापड धुवायला भरपूर पाणी. क्षिप्राकाठच्या या वस्तीखाली माळव्याचा काळा पाषाण, आपल्या सह्याद्रीसारखाच बसाल्ट. त्याच्या भेगांतून विहिरीत येणाऱ्या पाण्यात सूक्ष्मजीव असतात. पण जिवंत किती? पेशी मेल्यावरही तिचा डीएनए मागे राहू शकतो; पेशीच्या पटलातले फॉस्फोलिपिड मात्र लवकर मोडतात. म्हणून जिवंत पेशींचा अंदाज घ्यायला तेच शोधायचे: कित्येक लिटर पाणी अतिबारीक गाळणीतून काढायचं, मग गाळणी क्लोरोफॉर्म-मिथेनॉलमध्ये बुडवायची. स्निग्धांश त्यात उतरतो. जिवाणूंचे लिपिड सहसा एस्टर बंधांचे, आर्किया या वेगळ्या सूक्ष्मजीव-गटाचे ईथर बंधांचे, त्यामुळे गट कळतो. नेमकी जात विचाराल, तर लिपिड बहुधा गप्पच! असाच बसाल्ट असलेल्या कोयनेत १९६७च्या भूकंपाच्या परिसरात संशोधनासाठी खोल छिद्रं घेतली, तेव्हा बसाल्टखालच्या ग्रॅनाइटमध्येही सूक्ष्मजीवांच्या खुणा सापडल्या.