कर्करोग आणि रक्ताचा तोल
(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



शिष्यवृत्ती, वसतिगृह व वधूवरसूचक मंडळ या नेहमीच्या विषयांबरोबर आरोग्यासही स्थान असावे, या चिटणीसांच्या आग्रहावरून आम्ही आज आपणांपुढे उभे आहोत. कर्करोगाचे नाव आता कोणत्याही कुटुंबास अपरिचित राहिलेले नाही. परंतु त्या रोगात रक्ताचा स्वभाव पालटतो, आणि कित्येकदा मूळ रोगाआधी त्यामुळेच प्राण संकटात येतो, ही गोष्ट थोड्यांसच ठाऊक असते. घरच्या माणसांस ती ठाऊक हवी. कारण तिची पहिली खूण बहुधा घरीच दिसते.

प्रथम निरोगी रक्ताचा व्यवहार पाहू. रक्तात फायब्रिनोजेन नावाचे प्रथिन विरघळलेले असते. रक्तवाहिनीबाहेरच्या पेशींवर ‘टिश्यू फॅक्टर’ नावाचा पदार्थ असतो. बोट कापले आणि रक्ताची त्याच्याशी गाठ पडली, की दुधात विरजण पडावे तसे होते. थ्रॉम्बिन हे द्रव्य तयार होते, ते फायब्रिनोजेनपासून फायब्रिनचे तंतू बनविते, आणि त्या तंतूंच्या जाळ्याने गुठळी घट्ट होते. परंतु गुठळी कायमची राहिली तर वाहिनीच बंद पडेल. म्हणून निसर्गाने प्लाझ्मिन हे दुसरे द्रव्य योजिले आहे. ते तंतू कापून गुठळी विरघळविते. या क्रियेस तंतुविलयन म्हणतात. थिजणे आणि विरघळणे यांच्या तोलावर आपले जीवन चालते.

कर्करोगात हा तोल ढळतो. अनेक कर्कपेशी टिश्यू फॅक्टरचे विरजण स्वतःच्या अंगावर बाळगून असतात. त्यामुळे जखम नसतानाही रक्त थिजू लागते. गाठीचा नीलेवर पडणारा दाब, शस्त्रक्रिया, अंथरुणास खिळणे व काही औषधे यांची त्यात भर पडते. स्वादुपिंड, जठर, मेंदू व फुप्फुस यांच्या कर्करोगांत हा धोका विशेष असतो. एकंदरीत कर्करोग्यास नीलेत गुठळी होण्याचा संभव इतरांच्या चार ते सात पट असतो, असे अभ्यासांत आढळले आहे.

हा संबंध पॅरिसचे विख्यात वैद्य आर्मां त्रूसो यांनी १८६५ साली आपल्या व्याख्यानात स्पष्टपणे मांडला. पुढे १८६७ साली स्वतःच्या अंगी तशीच गुठळी उद्भवलेली पाहून त्यांनी आपला रोग ओळखला, आणि त्याच वर्षी जठराच्या कर्करोगाने त्यांचे निधन झाले. तथापि प्रत्येक गुठळी म्हणजे कर्करोग नव्हे, हेही ध्यानी असू द्यावे.

कधी पारडे उलट दिशेस झुकते. ‘प्रोमायलोसायटिक ल्युकेमिया’ या रक्ताच्या कर्करोगात थिजविणारी द्रव्ये खर्ची पडतात, आणि प्लाझ्मिनही मोकाट सुटते. हिरड्यांतून रक्त येते, त्वचेवर जांभळे डाग उठतात आणि मेंदूतही रक्तस्राव होऊ शकतो. एके काळी हा रोग काही दिवसांत रुग्णास नेत असे. शांघायच्या वैद्यांनी १९८८ साली ‘अ’ जीवनसत्त्वापासून बनविलेल्या रेटिनॉइक आम्लाचा गुण प्रसिद्ध केला, आणि पुढे सोमलाचे एक संयुगही त्याच्या जोडीस आले. आज वेळेवर उपचार मिळालेले बहुसंख्य रुग्ण बरे होतात. मात्र संशय येताच, अंतिम तपासणीची वाट न पाहता, औषध सुरू करावे लागते. येथे एका दिवसाचा विलंबही प्राणघातक ठरू शकतो.

आता घरी काय पाहावे? एकच पाय सुजणे, पोटरी दुखणे व तेथील कातडी उष्ण किंवा लालसर होणे, ही पायातील गुठळीची लक्षणे होत. “अशक्तपणाची सूज आहे” असे म्हणून तेल लावून पाय चोळण्याची आपल्या घरोघरी रीत आहे. मायेने केलेले ते मर्दन येथे टाळावे. गुठळीचा तुकडा सुटून फुप्फुसात गेला तर एकाएकी धाप लागते, छातीत कळ येते आणि मृत्यूही ओढवतो. अशा वेळी तत्काळ रुग्णालय गाठावे. पायातील गुठळीचे निदान डॉप्लर सोनोग्राफीने होते. ‘डी-डायमर’ ही रक्ततपासणी कर्करोगात गुठळीवाचूनही वाढलेली असू शकते, म्हणून तिच्यावरच विसंबू नये.

उपचार आहेत. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या प्रयोगात, जुन्या वॉरफरिनसारख्या गोळ्यांवर सहा महिन्यांत शेकडा १७ रुग्णांस पुन्हा गुठळी झाली. डाल्टेपारिन या हेपरिनच्या इंजेक्शनांवर हेच प्रमाण ९ वर आले. अलीकडे नव्या गोळ्याही उपलब्ध आहेत. मात्र जठर व आतड्याच्या कर्करोगांत त्यांपैकी काहींनी रक्तस्राव अधिक होतो. ही औषधे निदान तीन ते सहा महिने, आणि रोग जागा असेतोवर बहुधा पुढेही, घ्यावी लागतात. सूज उतरली म्हणून ती आपल्या मनाने बंद करू नयेत, आणि वैद्यास न विचारता अ‍ॅस्पिरिन वा दुसरी वेदनाशामक गोळी त्यांच्या जोडीस देऊ नये.

बंधुभगिनींनो, कर्करोग्याची शुश्रूषा करणाऱ्या सुना, लेकी व मुले हेच त्याचे पहिले पहारेकरी. सुजलेला पाय अथवा अंगावरचा जांभळा डाग दिसताच त्यांनी विचारले पाहिजे, “ही गुठळी तर नव्हे? हा रक्तस्राव तर नव्हे?” हा प्रश्न वेळीच विचारला गेल्यास एखादा जीव वाचेल.