पुवाच्या फोडांचा सोरायसिस
(फुलंब्री येथील वार्षिक ज्ञातिसंमेलनात केलेले भाषण)



आनंदाच्या प्रसंगी रोगाचा विषय काढणे कित्येकांस अप्रशस्त वाटेल. परंतु ज्या दुखण्यापायी आमच्या घरची ठरलेली सोयरीक मोडता मोडता राहिली, त्याविषयी चार शब्द बोलणे आम्ही कर्तव्य समजतो.

आमच्या वडील बंधूंस पुष्कळ वर्षांपासून सोरायसिसचा विकार आहे. एका ठिकाणच्या पुड्यांनी त्यांस हमखास उतार पडे. त्या पुड्यांत स्टिरॉइड होते, हे मागाहून कळले. कन्येच्या लग्नाच्या धांदलीत पुड्या एकाएकी बंद पडल्या. आठवड्याच्या आत हुडहुडी भरून ताप आला, कातडी लालबुंद होऊन तिचा दाह होऊ लागला आणि तीवर मोहरीएवढे पुवाचे फोड दाटीने उठले. व्याह्यांकडील मंडळींनी पाण्याचे पेले वेगळे ठेवले.

वास्तविक हा पू जंतूंचा नव्हे. शरीराच्या संरक्षक पेशीच कातडीत गोळा होऊन तो बनतो. म्हणून स्पर्शाने, भांड्याने वा कपड्याने हा विकार कोणासही जडत नाही. २०११ साली काही रुग्णांत एका जनुकाचा दोष आढळला खरा. पण तो सर्वांत नसतो. त्यावरून कुळास बोल लावणे अन्यायाचे होय.

स्टिरॉइड अकस्मात थांबविणे, जंतुसंसर्ग, गर्भारपण, रक्तातील कॅल्शियम घटणे, काही औषधे व मनाचा ताण यांनी हा विकार उसळतो. अशा वेळी अंगातील पाणी व प्रथिने झपाट्याने कमी होतात. रक्तात जंतू शिरून प्राणावरही बेतते. म्हणून ताप आणि फोड एकत्र दिसताच त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. छत्रपती संभाजीनगरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, म्हणजे आपली घाटी, १९५६ पासून आपल्या भागाचा आधार आहे. जुन्या औषधांची वेष्टने सोबत न्यावीत. चालू असलेले स्टिरॉइड लपवू नये व आपल्या मनाने थांबवूही नये. सलाइन, रक्ततपासणी व साधी मलमे यांच्या जोडीस डॉक्टर सायक्लोस्पोरिन किंवा अ‍ॅसिट्रेटिन देतात. मात्र अ‍ॅसिट्रेटिन गर्भास घातक असल्याने स्त्रियांनी गर्भारपणाची शक्यता आधीच सांगावी. २०२२ साली अमेरिकेत स्पेसोलिमॅब हे खास औषध मान्य झाले.

बंधू शहरातील रुग्णालयातून बरे होऊन आले. लग्न महिनाभर लांबले. डॉक्टरांनी समजावल्यावर व्याही स्वतः आले आणि बंधूंच्या ताटाशेजारी पाट मांडून जेवले. त्या एका पंगतीने आमच्या बंधूंस जो धीर आला, तो कोणत्याही औषधाने आला नसता. आपल्या प्रत्येक घरात अशी पंगत घडो, एवढे मागून आम्ही आपली रजा घेतो.