गाळलेले नाव
(अँटॉप हिल येथील वार्षिक संमेलनातील भाषण)



आमच्या कुलवृत्तांतात तीन भावांपैकी दोघांचीच नावे आहेत. तिसरे 'काळ्या पाण्याला गेले', असे वडीलधारी मंडळी हलक्या आवाजात सांगत. सर्वपित्री अमावास्येस एक पान निनावी वाढले जाई.

काळे पाणी म्हणताच आपणांस अंदमान आठवते. परंतु तेथील बंदीवसाहत १८५८ सालची. तत्पूर्वी, १८१५ ते १८३७ या काळात, बंगाल व मुंबई इलाख्यांतील सुमारे १५०० बंदी मॉरिशसला धाडले गेले. त्यांच्याकडून तेथील रस्ते बांधवून घेतले. पुष्कळ सिंगापुरासही गेले. म्हणून शोधकाने प्रथम वर्ष निश्चित करावे. बंदींच्या याद्यांत बहुधा पित्याचे नाव, गाव, जात, गुन्हा व शिक्षा नोंदलेली असे. स्वतःचे नाव विस्मरणात गेले, तरी पित्याचे नाव व गाव यांवरून माणूस ओळखता येतो. मुंबईच्या राज्य पुराभिलेखागारात न्याय खात्याची जुनी दप्तरे आहेत.

गुन्हा काय निघेल, या भयाने ती उघडण्याचे टाळू नये. बंड असो वा दरोडा, सरकारने दिलेली शिक्षा त्यांनी भोगली. नाव गाळण्याची दुसरी शिक्षा आपण दिली. ती तरी आपल्या हातून रद्द व्हावी, एवढीच आमची ज्ञातिबांधवांस विनंती आहे.