उद्देशिकेची किनार

पोथी लिहिणारा एक आणि ती सजविणारा दुसरा, ही कामाची वाटणी फार जुनी आहे. मध्ययुगीन युरोपात ख्रिस्ती मठांतून, आणि पुढे पॅरिससारख्या शहरांतील कारागिरांच्या दुकानांतून, लॅटिन भाषेतील उपासनाग्रंथ तयार होत, तेव्हा एकेक पान तीन-चार हातांखालून जात असे. वासराचे, मेंढीचे किंवा बकरीचे कातडे चुन्याच्या पाण्यात भिजवावयाचे, चौकटीवर ताणावयाचे, वाकड्या पात्याच्या सुरीने खरवडून गुळगुळीत करावयाचे आणि मग त्या चर्मपत्रावर रेघा आखून लेखनिकाने मजकूर उतरावयाचा. प्रकरणाच्या आरंभीच्या मोठ्या अक्षराची जागा तो कोरीच ठेवी. तेथे कोणते अक्षर यावयाचे आहे, एवढी बारीकशी खूण मात्र करून ठेवी. त्याच्या मागून तांबड्या शाईचा धनी येई. प्रार्थना केव्हा व कशी म्हणावयाची यासंबंधीच्या सूचना तांबड्या अक्षरांत लिहिण्याचे काम त्याचे. लॅटिनमध्ये तांबड्या मातीला जो शब्द आहे त्यावरूनच अशा सूचनांना युरोपीय भाषांत 'रुब्रिक' हे नाव पडले. सर्वांच्या शेवटी चित्रकार बसे. तो आधी सोन्याचा वर्ख चढवी, कुत्र्याच्या दाताने किंवा अकीकाने घोटून त्याला झळाळी आणी, आणि मग रंगांना हात घाली. त्यातला उत्तम निळा रंग बदक्शानच्या खाणींतील लाजवर्दाचा असे; म्हणजे फ्रान्समधल्या एखाद्या पानावरचे आकाश अफगाणिस्तानच्या डोंगरांतून आलेले असे!

मराठी माणसाला हे वर्णन अगदीच परके वाटू नये. बोरू, काजळाची शाई, समासावर ओढलेल्या तांबड्या रेघा, अध्यायाची समाप्ती दाखविणारा हिंगुळाचा ठसठशीत रंग, हे सारे आपल्या पोथ्यांतही आहेच. अक्षर चुकले म्हणजे आपला लेखक त्यावर पिवळी हरताळ फाशी आणि वर नवे अक्षर लिही. 'हरताळ फासणे' हा वाक्प्रचार आज केलेले काम वाया घालविणे या अर्थी आपण वापरतो. त्याचा उगम मात्र पोथीच्या दुरुस्तीत आहे. युरोपातला लेखक हरताळ लावीत नसे. तो सुरीने चर्मपत्र खरवडून काढी.

छापखाना आला आणि ही विद्या हळूहळू मावळली, असा आपला सर्वसाधारण समज. तो बव्हंशी खराही आहे. परंतु विसाव्या शतकाच्या ऐन मध्यावर, एका नव्या प्रजासत्ताकाने आपला मूळ कायदा टंकयंत्रावर न सोपविता हाताने लिहवून घेतला आणि चित्रकारांकडून सजवून घेतला. तो कायदा म्हणजे भारताचे संविधान. इंग्रजी प्रत दिल्लीचे सुलेखनकार प्रेमबिहारी नारायण रायजादा यांनी तिरकस वळणाच्या अक्षरात लिहिली. हिंदी प्रत वसंत कृष्ण वैद्य यांनी लिहिली. रायजादा यांनी या कामाचे मानधन घेतले नाही. प्रत्येक पानावर आपले नाव असावे आणि शेवटच्या पानावर आपल्याबरोबर आपल्या आजोबांचेही असावे, एवढीच त्यांची मागणी होती. आजोबांनीच त्यांना अक्षर शिकविले होते. पोथीच्या शेवटी स्वतःचे, पित्याचे व गुरूचे नाव घालणाऱ्या आपल्या जुन्या लेखकांच्या पंक्तीत हा गृहस्थ सहज शोभला असता.

सजावटीची जबाबदारी शांतिनिकेतनच्या कलाभवनाचे आचार्य नंदलाल बोस यांच्याकडे आली. महाराष्ट्राला नंदलालबाबू अपरिचित नव्हते. १९३६ च्या डिसेंबरात खानदेशात फैजपूर येथे काँग्रेसचे पहिले ग्रामीण अधिवेशन भरले, तेव्हा गांधीजींच्या सांगण्यावरून बांबू, चटया आणि गावातच मिळणाऱ्या अशाच साध्यासुध्या वस्तूंनी तेथील नगर त्यांनीच उभे केले होते. संविधानासाठी त्यांनी आपले सहकारी आणि विद्यार्थी हाताशी धरले. मोहेंजोदडोच्या मुद्रेवरील बैलापासून हिमालय व सागर यांच्या दृश्यांपर्यंत इतिहासाची एक मालिका या पानांतून चालते. निवडणुकांविषयीच्या भागाच्या शिरोभागी छत्रपती शिवाजी महाराज आणि गुरू गोविंदसिंग आहेत. निवडणुकीचे कायदे वाचणाऱ्या वकिलांपैकी किती जणांनी ते चित्र पाहिले असेल, कोण जाणे!

या साऱ्या पानांत एक पान वेगळे आहे. त्यावर इतिहासातील प्रसंग नाही, एकही मानवी आकृती नाही. आहे ती केवळ किनार. ते उद्देशिकेचे पान. ही किनार जबलपूरच्या एका तरुणाने काढली. त्याचे नाव ब्योहार राममनोहर सिन्हा.

जबलपूरचा आणि मराठी राज्यव्यवहाराचा संबंध जुना. १७८१ मध्ये हा मुलूख सागरच्या मराठ्यांकडे आला, १७९८ मध्ये नागपूरकर भोसल्यांकडे गेला आणि १८१७ मध्ये इंग्रजांनी घेतला. पुढे १८६१ पासून १९५६ पर्यंत जबलपूर आणि नागपूर एकाच प्रांतात नांदत होती. नर्मदेकाठच्या या शहराजवळच त्रिपुरी येथे १९३९ मध्ये काँग्रेसचे गाजलेले अधिवेशन झाले. राममनोहर तेव्हा दहा वर्षांचेही नव्हते. त्यांचा जन्म १९२९ चा. वडील ब्योहार राजेंद्रसिंह हे हिंदीचे नामांकित साहित्यसेवक. घरात साहित्य आणि राष्ट्रीय चळवळ दोन्ही होती. मुलाने मात्र कुंचला उचलला आणि शांतिनिकेतनची वाट धरली. संविधानाचे काम निघाले तेव्हा वय वीसच्या आसपास. अजिंठा, वेरूळ, सांची, सारनाथ, महाबलीपुरम अशा ठिकाणच्या शिल्पचित्रांतील आकृतींचा अभ्यास करून त्यांनी या पानाची मांडणी केली. कमळ, हत्ती, घोडा, बैल, वाघ अशा आकृती त्या किनारीत गुंफल्या आहेत. उजवीकडे खालच्या कोपऱ्यात देवनागरीत 'राम' एवढीच स्वाक्षरी आहे. ती शोधावी लागते.

आता हे पान लॅटिन उपासनाग्रंथाच्या पानाशेजारी ठेवून पाहावे. तेथे सजावट अक्षराच्या आत शिरते. मिस्सा या उपासनेच्या मुख्य प्रार्थनेचा आरंभ ज्या शब्दाने होतो, त्याचे पहिले अक्षर आपल्या 'ट' चा उच्चार देणारे, आकाराने क्रुसासारखे. तेव्हा चित्रकार त्या अक्षराचा क्रूसच करून टाकीत आणि त्यावर ख्रिस्ताची मूर्ती रंगवीत. अक्षर वाचावयाचे की त्याच्यापुढे गुडघे टेकावयाचे, असा प्रश्न पडावा. ते त्या ग्रंथाला योग्यच होते. तेथील शब्द शतकानुशतके पाठ झालेले. ते कोणाला पटवून द्यावयाचे नव्हते. समासात मग ससे, माकडे आणि नाना प्रकारचे विचित्र प्राणी खेळू लागले, तरी प्रार्थनेला धक्का लागत नसे.

उद्देशिकेची गोष्ट उलटी आहे. येथे शब्द कोवळे होते. २६ नोव्हेंबर १९४९ रोजी ते स्वीकारले गेले, २४ जानेवारी १९५० रोजी सभासदांनी हस्तलिखितावर सह्या केल्या. न्याय, स्वातंत्र्य, समता आणि बंधुता हे शब्द अशा देशात उच्चारले जात होते, की जेथे विषमता शब्दांहून कितीतरी जुनी होती. चित्रकाराने त्या शब्दांत ढवळाढवळ केली नाही; एकाही अक्षरात कमळ फुलविले नाही. त्याने शब्द मोकळे सोडले आणि त्यांच्याभोवती दोन हजार वर्षे टिकलेल्या आकृतींचा कोट घातला. लॅटिन पानात जुन्या शब्दाला नवा साज चढतो. येथे नव्या शब्दाला जुन्या साजाचा आधार मिळतो. एवढ्या तरुण वयात हा संयम सुचावा, ही नंदलालबाबूंच्या शाळेची शिकवण तर खरीच, पण ती अंगी मुरविण्याचे श्रेय विद्यार्थ्याचे आहे.

पुढे मात्र शब्द बदलले. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने उद्देशिकेत 'समाजवादी' आणि 'धर्मनिरपेक्ष' हे शब्द आले आणि राष्ट्राच्या एकतेबरोबर 'एकात्मता'ही आली. कायदा बदलला, पान बदलले नाही. हा मुद्दा वरवर क्षुल्लक वाटतो. युरोपात उपासनेचा पाठ बदलला की पानावर सुरी चाले, किंवा ग्रंथच बाद होई. १५७० मध्ये रोमने उपासनेचा सुधारलेला ग्रंथ लागू केल्यावर कित्येक जुन्या ग्रंथांची चर्मपत्रे दुसऱ्या पुस्तकांच्या बांधणीला लागली. आपल्याकडे रायजादांच्या अक्षरावर ना सुरी चालली, ना हरताळ लागली. त्यामुळे एक पेच मात्र उभा राहिला. २०१५ च्या प्रजासत्ताकदिनी सरकारी जाहिरातीत या मूळ पानाचे चित्र छापले गेले आणि ते दोन शब्द कोठे गेले, असा गदारोळ उठला. चित्र खरे होते आणि आक्षेपामागची शंकाही निराधार म्हणता येत नव्हती. कारण हस्तलिखित हा इतिहासाचा पुरावा असतो, चालू कायद्याचा मजकूर नव्हे, आणि जाहिरात पाहणाऱ्याला हा भेद कोणी सांगितलेला नसतो. अशा जागी चित्राखाली एक ओळ छापण्याने काम भागले असते. पुढे २५ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते शब्द समाविष्ट करण्याविरुद्धचे अर्ज फेटाळले.

सुटे पान ही मोठी विलक्षण वस्तू आहे. एकोणिसाव्या शतकात मठ लुटले गेले, ग्रंथ बाजारात आले आणि हौशी लोकांनी त्यांतील चित्रे कात्रीने कापून घेतली. १८२५ मध्ये लंडनला अशा कात्रणांचा स्वतंत्र लिलाव झाला. कलेवर एवढे प्रेम करणाऱ्या रस्किननेही स्वतःच्या संग्रहातील उपासनाग्रंथ कापले होते! विसाव्या शतकात अमेरिकेतील ऑटो ईगे यांनी कित्येक हस्तलिखिते सोडवून त्यांची पाने संचासंचाने विकली. पान जगभर पोहोचले. ग्रंथ मात्र मेला. उद्देशिकेच्या पानाला कात्रीशिवाय हे सुटेपण लाभले. डेहराडूनच्या सर्वेक्षण खात्याच्या छापखान्यात या हस्तलिखिताच्या एक हजार छायाप्रती निघाल्या, आणि त्यानंतर हे एक पान किती भिंतींवर गेले त्याची गणती नाही. मराठी शालेय पुस्तकांच्या आरंभीही उद्देशिका असते. तेथे शब्द येतात, किनार येत नाही. लाखो मुलांना ते शब्द पाठ असतात आणि ज्याने त्यांना पहिले कुंपण घातले त्याचे नाव त्यांच्या कानी पडत नाही.

राममनोहर सिन्हा पुढे चीनमध्ये जाऊन तेथील चित्रपद्धती शिकून आले आणि जबलपुरातच राहून त्यांनी काम केले. २००७ मध्ये ते वारले. मूळ हस्तलिखित दिल्लीत संसदेच्या ग्रंथालयात, प्राणवायू शिरणार नाही अशा बंद पेटीत ठेवलेले आहे. जबलपुरात गोल बाजारच्या शहीद स्मारकाच्या भिंतींवर मात्र त्यांच्या हातची चित्रे आहेत, आणि ती पाहावयास दिल्लीला जावे लागत नाही.