१९ डिग्रीत कुणी गारठतं का?

आजच्या भागात मला माझी एक चूक कबूल करायची आहे.

मागच्या पावसाळ्यात आम्ही चौघं कळसूबाईला गेलो होतो. महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर, १,६४६ मीटर. बारी गावातून निघालो तेव्हा रिमझिम होती, वर पोचेपर्यंत धो धो पाऊस आणि भन्नाट वारा. माझा मामेभाऊ जीन्स आणि सुती टी-शर्टवर आलेला. उतरताना तो कुडकुडायला लागला. मी मोबाईल बघितला आणि म्हणालो, "अरे, १९ डिग्री दाखवतंय. घरी एसी १८ वर ठेवतोस की! नाटकं नको करूस."

थोड्या वेळाने त्याला बॅगेचा बेल्ट लावता येईना. बोलताना शब्द जड यायला लागले. तेव्हा मात्र माझी टरकली.

आता गंमत बघा. त्या वाटेवर लोखंडी शिड्या आहेत. शिडीचा कठडा धरला की हात गारठायचा, पण दुसऱ्या हातातली काठी तेवढी गार लागायची नाही. दोन्ही सकाळपासून एकाच पावसात. म्हणजे तापमान जवळपास सारखंच!

मग फरक कसला? आपली कातडी म्हणजे थर्मामीटर नाही. तिला मुख्यतः कळतं ते हे, की अंगातली उष्णता किती वेगाने चालली आहे. हाताची कातडी साधारण ३०-३३ डिग्री. लोखंड ती उष्णता पटकन ओढून पुढे पाठवतं. लाकडाला ते जमत नाही.

भावाच्या बाबतीत तर ही उष्णता तीन वाटांनी चालली होती.

पहिली वाट, पाणी. कपडे ऊब देतात ते धाग्यांमध्ये अडकलेल्या हवेमुळे. कपडा भिजला की हवेच्या जागी पाणी येतं, आणि पाणी हे स्थिर हवेच्या सुमारे २५ पट वेगाने उष्णता वाहून नेतं.

दुसरी, बाष्पीभवन. अंगावरचं एक ग्रॅम पाणी वाळताना साधारण २,४०० ज्यूल उष्णता घेतं. तेवढ्यात अर्धा लिटर पाणी एका डिग्रीहून जास्त तापलं असतं!

तिसरी, वारा. अंगाभोवती तापलेल्या हवेचा एक पातळ थर असतो. वारा तो सतत उडवून लावतो आणि ओल्या कपड्यांतलं बाष्पीभवनही वाढवतो. घरचा पंखा हेच करतो. तो खोलीतली हवा थंड करत नाही, तरी आपल्याला गार वाटतं.

मोबाईलवरचे १९ डिग्री हे हवेचं तापमान. माझ्या भावाचा शर्ट ओला आहे, हे त्या ॲपला काय माहीत?

खाली एक झोपडीवजा चहाची टपरी लागली. मी घाईघाईने चहा सांगितला. तिथले बाबा भावाकडे बघून म्हणाले, "आधी ते वलं काढ पोरा, च्या मंग." त्यांनी कोरडी घोंगडी दिली, त्याला वाऱ्याच्या आड बसवलं. अर्ध्या-पाऊण तासाने तो माणसात आला.

शरीराचं आतलं तापमान साधारण ३७ असतं. ते ३५ च्या खाली गेलं की हायपोथर्मिया, आणि त्याला बर्फ लागतोच असं नाही. हात नीट न चालणं, बोलणं अडखळणं, गुंगी येणं ही त्याची लक्षणं. ऊब न मिळताच कुडकुडणं थांबलं, तर प्रकरण जास्त गंभीर. तेव्हा डॉक्टरच गाठा.

म्हणून पावसाळी ट्रेकला प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधलेला एक कोरडा जोड न्याच. सुती कपडे आणि जीन्स घरी ठेवा.

आणि सोबतचा कुणी म्हणाला, "थंडी वाजतेय," तर मोबाईल बघू नका. त्याचे कपडे ओले आहेत का ते बघा. मी ते बघितलं नव्हतं.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!