पिल्लू, लोकर आणि महिलासभा

(कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेले भाषण)



मला विषय दिलाय ‘स्थानिक राजकारणात बायांचा सहभाग’. यावर आपण सगळ्याजणी भरपूर बोललोय. 73वी घटनादुरुस्ती 1993 साली लागू झाली, 2011 मध्ये महाराष्ट्रात आरक्षण निम्म्यावर गेलं, हे इथे कुणाला सांगायला नको. मी बोलणार आहे ते कुत्र्याच्या एका पिल्लाबद्दल आणि लोकरीच्या टोप्यांबद्दल. हसू नका. धडगावच्या पाड्यांवर राजकारण मला याच वाटेने भेटलंय.

आमचा अक्राणी तालुका सातपुड्यात. पाडे डोंगरावर विखुरलेले आणि ग्रामपंचायतीचं कार्यालय मात्र एका जागी. कायदा सांगतो की प्रत्येक नियमित ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्या आणि तिचं म्हणणं ग्रामसभेपुढे ठेवा. कागदावर ती होतेच. एका ग्रामपंचायतीचं रजिस्टर मी पाहिलं. ओळीने अंगठे, आणि ठराव मागच्या वर्षीचाच, अक्षर न् अक्षर तोच. बायांना विचारलं तर म्हणाल्या, “घरी येऊन अंगठा घेऊन गेले. आम्हाला वाटलं, राशनचं असेल.”

आपण लगेच म्हणतो, बायांमध्ये जागृती नाही. मला हे पटत नाही. याच जिल्ह्यात, शहाद्याच्या बाजूला, 1970च्या दशकात श्रमिक संघटनेच्या भिल्ल बायांनी दारूची मडकी फोडली. त्यांच्या मुलीनातींना बोलायचं शिकवावं लागतं? सभा सकाळी अकराला असते, ही खरी गोष्ट आहे. अकराला बाई शेळ्यांमागे रानात असते.

आमच्या एका पाड्यावरच्या पंचबाईंनी मला हे नीट समजावलं. त्यांनी तेव्हा राखणीसाठी एक पिल्लू आणलं होतं. आमच्याकडे बिबट्या आहे, शेळी गेली की वर्षाचा आधार गेला. म्हणून पिल्लू लहानपणापासून तयार करायचं. ते शेळ्यांच्या गोठ्यातच झोपलं पाहिजे, त्याच वासात वाढलं पाहिजे. भाकरीही तिथेच टाकायची. करडामागे धावलं तर तिथल्या तिथे दटावायचं. पोरांना त्याच्याशी दंगा करू द्यायचा नाही, नाहीतर ते घरचं खेळणं होतं आणि रानात निघत नाही. चार-सहा महिने रोज हे करायचं, एक दिवस सोडला तरी बिघडतं. परदेशात अंध माणसांसाठी वाटाड्या कुत्रा तयार करतात, तेव्हा पिल्लू आधी वर्षभर एखाद्या घरी वाढवायला देतात. त्या कामाला तिथे संस्था आहेत, मान आहे. आमच्या पंचबाईंना विचारा काय करता, तर म्हणतील, “काही नाही, घरीच.”

“पिल्लू टाकून मी सभेला कशी येऊ, ताई?” असं त्यांनी विचारलं, तेव्हा ठरलं की महिलासभा संध्याकाळी, शेळ्या परतल्यावर, पाड्यावरच घ्यायची. पिल्लासकट.

आता लोकरीचं. तोरणमाळ, डाब या भागात डिसेंबर-जानेवारीत दव गोठतं. कमी वजनाचं बाळ जन्मलं की त्याची ऊब डोक्यातून जाते, म्हणून टोपी हवी. तहसील कचेरीत वाट पाहताना मी टोप्या विणत बसायची. पाड्यावरच्या बायांनी सुया मागून घेतल्या. गोधडी शिवणारे हात, दोन बैठकांत सुलट-उलट आलं.

आमच्या एका जुन्या सहकारी बाईंनी मला फैलावर घेतलं. म्हणाल्या, “लोणची-पापडातून बायांना बाहेर काढायला आमची उमेद गेली, आणि तू सुया वाटतेस?” त्यांचा राग मला कळतो. महिला-बालकल्याणाचा दहा टक्के निधी शिवणयंत्रांवर उडवतात, त्याची मलाही चीड आहे. पण इथे विणकाम कमाईसाठी नव्हतं. नजर सुईवर असली की बाई जास्त बोलते, हे मी पाहिलं. समोर तोंड करून ‘बोला’ म्हटलं की गप्प होणारी बाई टाके मोजता मोजता सासऱ्याने सातबारावरून नाव कसं गाळलं ते सांगते. शिवाय पुरुष येऊन बघून जायचे, “टोप्या विणतायत”, आणि निर्धास्त व्हायचे. याचाही उपयोग झाला!

एका संध्याकाळी पिल्लावरूनच विषय निघाला. याला सुई टोचली का? कुणालाच माहीत नव्हतं. तिसऱ्या महिन्यात रेबीजची पहिली लस द्यायची असते. मग एकीने सांगितलं, तिच्या पोराला भटका कुत्रा चावला तेव्हा जखमेवर मिरची भरली, लस जवळ मिळाली नाही, जीप करून लांब न्यावं लागलं. मी सांगितलं, आधी साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा, त्याच दिवशी दवाखाना गाठा, आणि सुयांचा कोर्स अर्धा सोडू नका. त्यावर ती म्हणाली, “पंधरा मिनिटं वाहतं पाणी? हंडा भरायलाच तासभर चालते मी.” म्हणजे कुत्र्यावरून आम्ही पाण्यावर आलो.

त्या सभेत तीन ठराव झाले. पाड्यावर जनावरं आणि कुत्र्यांच्या लसीचं शिबिर व्हावं, तेही कोयता टोळ्या निघायच्या आत. प्राथमिक आरोग्य केंद्रात रेबीजची लस कायम असावी. आणि तिसरा, जो कुणाच्या डोक्यात नव्हता. दिवाळीनंतर अर्धा पाडा ऊसतोडीला गुजरातेत असतो आणि 26 जानेवारीची ग्रामसभा तेव्हाच येते. म्हणून पेसाच्या पाच टक्के निधीचा निर्णय त्या सभेत करू नये, टोळ्या गावात असताना करावा.

ग्रामसभेत ‘कुत्र्याचा ठराव’ म्हणून हशा झाला. तो ‘आयत्या वेळचे विषय’ यात टाकला जात होता. पंचबाई उभ्या राहिल्या, “ठरावाला नंबर घाला आणि मोठ्याने वाचा.” पावरीत बोलल्या, म्हणून सगळ्यांना कळलं. पहिले दोन मंजूर झाले, शिबिरही झालं. तिसरा वाचला आणि हसू थांबलं. निधीच्या कामांचे ठेकेदार पहिल्या रांगेत बसले होते. “पुढच्या सभेत बघू,” म्हणाले.

तो अजून तिथेच अडलाय. पंचबाईंच्या नवऱ्याला एक-दोघांनी गाठून सांगितलं, बाईला आवर. त्या रात्री घरात काय झालं ते त्यांनी मला सांगितलं, पण मी इथे सांगणार नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी इतिवृत्ताच्या नकलेसाठी लेखी अर्ज दिला. नक्कल अजून मिळालेली नाही.

15 ऑगस्टच्या आधीची महिलासभा आम्ही तीन पाड्यांवर वेगवेगळी घेणार आहोत, तिन्हीकडे हाच ठराव. वेळ संध्याकाळचीच. लोकर मात्र कमी पडतेय, तुमच्याकडे उरलेले गुंडे असतील तर जेवणाच्या सुट्टीत माझ्याकडे द्या. रंग कुठलाही चालेल.